हिवाळा यायच्या आत ट्रकला खालून गंजापासून वाचवा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

यावेळी आलेल्या पत्रांत बर्फाळ भागात पिकअप ट्रक चालवणाऱ्या वाचकांची पत्रं सगळ्यात जास्त आहेत आणि बहुतेकांचा विषय एकच, गाडीखालचा गंज. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. अजून बर्फ पडायचाय तोवर वाचा, कारण यातली बरीचशी कामं कोरड्या आणि जरा उबदार दिवसांतच होतात.

प्रश्न: माझा पिकअप ६ वर्षं जुना आहे. आमच्या इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. एक गॅरेजवाला म्हणतो खालून जाड काळं रबरी कोटिंग मारून घ्या, एकदा मारलं की परत बघायला नको. दुसरा म्हणतो तेलाचा फवारा मारा, पण तो दरवर्षी मारावा लागेल. मला दरवर्षीची कटकट नकोय पण गाडी अजून बरीच वर्षं वापरायचीये. काय करू?

उत्तर: दरवर्षीची कटकट घ्या. स्पष्टच सांगते, ६ हिवाळे मीठ लागलेल्या ट्रकवर जाड काळं कोटिंग मारू नका, मग ते कितीही चकाचक दिसो.

का ते नीट समजून घ्या म्हणजे पुढचे सगळे निर्णय सोपे जातील. लोखंड गंजायला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एवढंच पुरतं, मीठ नसलं तरी गंज चढतोच. मीठ काय करतं तर पाण्यातून वीज सहज वाहू देतं, आणि गंजणं ही मुळात विजेच्या बारीक प्रवाहाने चालणारी क्रिया असल्यामुळे तिचा वेग एकदम वाढतो. वर मिठातलं क्लोराइड धातूवरचा जो काही पातळ संरक्षक थर असेल तो फोडतं. आता हे मीठ गाडीखाली आधीपासून चिकटलेलं आहे, जोडांच्या फटीत, चासीच्या म्हणजे गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्याच्या घडीत, कमानपाट्यांच्या (मागच्या चाकांवरच्या लीफ स्प्रिंगच्या) मध्ये, आणि त्यावर तुम्ही जाड थर मारला की मीठ आणि ओल दोन्ही आत बंद. ओल्या जखमेवर घट्ट पट्टी बांधून वरून सगळं ठीक आहे म्हणण्यासारखं आहे हे.

रबरी किंवा डांबरी थराची दुसरी अडचण म्हणजे तो सुकून कडक होतो. मग खडी लागून एखादा टवका उडतो, थंडी उन्हात कड सुटते, तिथून पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाट मिळत नाही. गंज आतल्या आत आडवा पसरत जातो आणि वरून काळं कोटिंग तसंच दिसत राहतं. एक दिवस कुणीतरी स्क्रू ड्रायव्हर टोचतो आणि तो आरपार जातो. अगदी नवीन, स्वच्छ पत्र्यावर, विशेषतः चाकांच्या वरच्या कमानीत जिथे सारखी खडी आपटते तिथे रबरी कोटिंगचा उपयोग आहे, त्याला मी नाही म्हणत नाही. पण जुन्या गाडीला नाही.

याउलट जे पूर्ण सुकत नाही, ओलसर तेलकट राहतं ते सरपटतं, फटीत शिरतं, ओरखडा पडला तर थोडंफार परत पसरून तो झाकतं, आणि मुख्य म्हणजे खालचा धातू तुम्हाला दिसत राहतो. यात साधारण दोन प्रकार. एक लॅनोलिनचे, म्हणजे मेंढीच्या लोकरीतून निघणाऱ्या मेणचट पदार्थाचे, जसं फ्लुइड फिल्म किंवा वूलवॅक्स. दुसरे पातळ तेलाचे, जसं क्राउन. पातळ तेल फटीत जास्त आत जातं पण लवकर धुतलं जातं, लॅनोलिन जरा दाट असतं आणि चाकांच्या माऱ्यातही जास्त टिकतं. कोणतंही घ्या, पण दरवर्षी मारा.

प्रश्न: मला हे काम घरीच करायचंय. क्रम कसा ठेवू? आणि कुठे मारायचं नाही?

उत्तर: क्रम साधा आहे, धुवा, सुकवा, खरवडा, मग मारा. लोक घाई करतात ती सुकवण्यात.

आधी खालून भरपूर पाण्याने धुवा, चासीच्या दांड्यांच्या आतल्या बाजूने, हौद्याच्या खालून, इंधन टाकीच्या वरची जी फट असते तिथून, मडगार्डच्या मागे साठलेला चिखल पूर्ण पडेपर्यंत. हा चिखल फार वाईट, कारण तो ओल धरून ठेवतो. ग्रीस आणि तेलाचे डाग असतील तिथे डिग्रीझर वापरा. मग गाडी दोन दिवस तरी कोरड्या हवेत ठेवा, शक्यतो थोडी चालवून आणून ठेवा म्हणजे फटीतलं पाणी निघून जातं. नंतर सुटलेले पापुद्रे वायर ब्रशने काढा. चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासायची गरज नाही, जे हाताने सुटतंय ते गेलं पाहिजे.

मग फवारणी. हवा १० अंश सेल्सियसच्या वर असेल असा दिवस बघा, थंडीत लॅनोलिन इतकं घट्ट होतं की फवारणीच्या बंदुकीतून नीट निघतच नाही. छोटे स्प्रे कॅन चाकांच्या कमानी आणि कोपऱ्यांसाठी ठीक, पण पूर्ण ट्रकला कॉम्प्रेसर आणि अंडरकोटिंग गनच हवी, आणि तिच्यासोबत एक लांब लवचिक नळी जिच्या टोकाला चहूबाजूंनी फवारा उडतो. ती नळी हे या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं हत्यार आहे. कारण आजकालच्या बहुतेक पिकअपची चासी बंद डब्यासारखी असते, आतून पोकळ, आणि मिठाचं पाणी भोकांतून आत जाऊन तिथेच बसतं. बाहेरून कितीही मारलं आणि आत काहीच नाही मारलं तर चासी आतून बाहेर सडत येते. चासीला जिथे जिथे भोकं आहेत तिथून नळी शेवटपर्यंत आत घाला आणि फवारा चालू ठेवून हळूहळू बाहेर ओढा. असंच दाराच्या खालच्या कडा, दाराखालचा जो आडवा पोकळ पत्रा असतो तो, आणि केबिनचे मागचे खालचे कोपरे.

पूर्ण आकाराच्या पिकअपला साधारण ४ लिटर माल लागतो, आतून नीट मारलं तर थोडा जास्तच.

कुठे नाही मारायचं ते आता लक्ष देऊन वाचा. ब्रेकच्या डिस्क, पॅड, कॅलिपर यांच्या आसपास अजिबात नाही, ते आधी प्लास्टिक पिशवीने बांधून झाका. सायलेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (इंजिनाचा धूर साफ करणारा डबा) आणि त्याचे सेन्सर यांच्यावर नाही, तापल्यावर धूर होतो आणि आग लागायची भीती असते. इंजिनचे बेल्ट नाहीत. रबरी बुश आणि होजवर मुद्दाम मारू नका, तेलाने काही रबर फुगतं. डिफरन्शियलच्या, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याच्या, हवेच्या नळीचं तोंड बुजवू नका. आणि काम झाल्यावर दारांच्या आणि चासीच्या खालच्या पाणी निघायच्या भोकांतून एक तार फिरवून ती मोकळी आहेत याची खात्री करा, ती बुजली तर सगळा खटाटोप उलटा पडतो.

आणि कृपा करून नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली जाऊ नका. सपाट पक्की जमीन, चाकांना अडणी, खाली मजबूत स्टँड, आणि गाडी हलवून बघितल्याशिवाय आत शिरायचं नाही. डोळ्यांना गॉगल लावाच, तोंड वर करून फवारताना सगळं डोळ्यातच येतं. मास्क, हातमोजे, उघडी हवा, जवळपास ज्योत किंवा हीटर नाही, आणि सायलेन्सर पूर्ण गार झालेला हवा.

प्रश्न: माझ्या ट्रकच्या चासीवर मागच्या बाजूला पापुद्रे निघतायत. रस्ट कन्व्हर्टर लावलं की गंज परत लोखंड होतो असं ऐकलं. खरंय का?

उत्तर: नाही, गेलेलं लोखंड परत येत नाही. कन्व्हर्टरमध्ये टॅनिक ॲसिड किंवा फॉस्फोरिक ॲसिड असतं, ते उरलेल्या गंजाचं एका काळपट, जास्त स्थिर थरात रूपांतर करतं ज्यावर प्रायमर, रंग बसतो. वरवरच्या गंजाला चांगलं. जाड पापुद्र्यावर ते फक्त वरच्या थरापर्यंत पोचतं, खालचा गंज तसाच राहतो, म्हणून आधी खरवडणं टळत नाही. आणि कन्व्हर्टर नंतर रंग असा मार्ग घ्यायचा असेल तर त्या भागावर तेल अजून मारलेलं नको, तेलावर काहीच धरत नाही. आधी रंग, तो पूर्ण सुकला की वरून तेल.

पण मला काळजी वेगळीच वाटतेय. तुम्ही लिहिलंय मागच्या बाजूला, म्हणजे बहुतेक कमानपाटे जिथे चासीला जोडतात ती जागा किंवा स्टेपनी लटकते त्याच्या वरचा भाग. या दोन्ही ठिकाणी चिखल साठतो. एक हातोडी घ्या आणि चासीवर इंचाइंचाने हलके ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, सडलेलं बद्द वाजतं. जिथे बद्द वाजलं तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक जोराने दाबा. खड्डा पडला किंवा आरपार गेलं तर कन्व्हर्टर, रंग, तेल सगळं बाजूला ठेवा आणि चासीचं वेल्डिंग करणाऱ्या जाणकार माणसाला दाखवा, आणि तोवर माल भरून किंवा ट्रेलर ओढत गाडी चालवू नका. हे नखरे नाहीत. टोयोटाने २०१६ मध्ये अमेरिकेत टॅकोमा, टुंड्रा आणि सेकोयाच्या गंजलेल्या चासींवरून झालेल्या दाव्यात तडजोड केली, त्यात साधारण १५ लाख गाड्या होत्या आणि चासी तपासून गरज असेल तर अख्खी चासी बदलून द्यायचं ठरलं. जुनी गाडी घ्यायचा विचार असेल तर यातल्या मॉडेलची चासी बदललीये का हे आधी विचारा.

चासीवर वरून नवा काळा रंग मारलेला जुना ट्रक कुणी विकत असेल तर हातोडी बरोबर घेऊनच बघायला जा.

प्रश्न: गंजाने ब्रेक जाऊ शकतात का? घरचे फार घाबरलेत.

उत्तर: हो, जाऊ शकतात, आणि मला विचाराल तर खालच्या गंजात हीच गोष्ट सगळ्यात आधी बघायची. ब्रेकचं तेल नेणाऱ्या बारीक नळ्या बऱ्याच ट्रकमध्ये लेप दिलेल्या पोलादाच्या असतात, त्या चासीला क्लिपने धरलेल्या असतात आणि नेमक्या त्या क्लिपच्या मागे मीठ आणि चिखल अडकतो. बाहेरून नळी बरी दिसते, क्लिप उघडली की खाली पापुद्रे. मग एखाद्या दिवशी जोरात ब्रेक दाबला आणि नळी फुटली तर पेडल खाली जातं. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याने, एनएचटीएसएने, जनरल मोटर्सच्या जुन्या ट्रकमधल्या या नळ्यांची लांबलचक चौकशी २०१५ मध्ये बंद केली तेव्हा गाडी परत मागवायला लावली नाही, पण मिठाच्या भागातल्या सगळ्या जुन्या गाड्यांच्या मालकांना खालचा भाग धुवा आणि नळ्या तपासून घ्या, गंजल्या असतील तर बदला असा सल्ला दिला.

तर टॉर्च घेऊन नळी पूर्ण लांबीभर बघा. नुसता रंग बदललाय तर साफ करून वरून लॅनोलिन लावा. खड्डे, पापुद्रे, कुठे ओलसरपणा दिसला तर लगेच बदला, आणि बदलताना कॉपर-निकेलची नळी मागा, ती गंजत नाही आणि वाकवायलाही सोपी. एकच तुकडा बदलून बाकीची जुनी ठेवू नका, सगळ्या नळ्यांनी सारखेच हिवाळे बघितलेत. इंधनाच्या पोलादी नळ्याही त्याच वेळी बघून घ्या.

प्रश्न: बॅटरीला जोडायचं एक इलेक्ट्रॉनिक यंत्र मिळतं, त्याने पूर्ण गाडीला गंज लागत नाही म्हणतात. घेऊ का?

उत्तर: नका घेऊ. जहाजाचं बूड किंवा जमिनीतली पाइपलाइन अशा गोष्टींना विजेने गंजापासून वाचवतात हे खरं आहे, पण तिथे धातू सतत पाण्यात किंवा ओल्या मातीत बुडालेला असतो आणि त्यातून प्रवाहाचं वर्तुळ पूर्ण होतं. तुमचा ट्रक हवेत आहे, त्याच्यावर कुठे चार थेंब, कुठे ओला चिखल, हे वर्तुळ पूर्णच होत नाही. चासीला जस्ताचा ठोकळा बांधायचा उपायही याच कारणाने फक्त त्या ठोकळ्याच्या आसपासपुरता. तेच पैसे तेलात घाला.

प्रश्न: वडील पूर्वीपासून गाडीला खालून जुनं इंजिन ऑइल मारायचे. फुकटात काम होतं आणि त्यांचा ट्रक खरंच टिकला. मग महागडं लॅनोलिन कशाला?

उत्तर: तुमच्या वडिलांचा ट्रक टिकला याचं मला नवल नाही, तेलाचा कुठलाही थर पाणी लांब ठेवतो. तरी मी नको म्हणेन. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये जळणातून आलेली आम्लं आणि धातूचे बारीक कण असतात, ते रबर खराब करतं, आणि मारल्यावर कितीतरी दिवस थेंब थेंब गळत राहतं. गळलेलं जातं कुठे, तर मातीत, गटारात, विहिरीच्या पाण्यात. बऱ्याच ठिकाणी ते असं जमिनीवर सोडणं कायद्यानेही गुन्हा आहे. शिवाय ते अंगावर उडतं, आणि वापरलेल्या तेलाचा त्वचेशी वारंवार संपर्क चांगला नाही. वडिलांची दरवर्षी मारायची सवय मात्र नक्की ठेवा, फक्त डब्यातला माल बदला.

प्रश्न: नुकताच नवा ट्रक घेतलाय. बॉडी ॲल्युमिनियमची आहे म्हणून गंजाचा प्रश्नच नाही असं शोरूमवाला म्हणाला. आणि वॉरंटी पण आहे.

उत्तर: बॉडी ॲल्युमिनियमची असली तरी खालची चासी पोलादाचीच असते. फोर्डने २०१५ पासून एफ-१५० ची बॉडी ॲल्युमिनियमची केली तेव्हाही चासी पोलादीच ठेवली. ॲल्युमिनियमला तांबूस गंज चढत नाही हे बरोबर, पण ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकले आणि मध्ये मिठाचं पाणी आलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी दिसते. कंपनी मध्ये लेप वगैरे देते, तरी तुम्ही नंतर साधे स्क्रू मारून काही बसवलं की तिथे हा प्रश्न सुरू होतो.

वॉरंटीचं पुस्तक काढून गंजाचं पान वाचा. बहुतेक वेळा तिथे आतून बाहेर भोक पडलेल्या बॉडीच्या पत्र्याबद्दलच लिहिलेलं असतं, वरवरचा गंज त्यात धरत नाहीत, चासीचं वेगळं असतं. आणि कुणी फवारणीसाठी पत्र्याला ड्रिलने नवी भोकं पाडणार असेल तर वॉरंटीवर काय परिणाम होतो ते आधी लेखी विचारा. आहेत त्याच भोकांतून काम होतं.

बाकी नवा ट्रक म्हणजे उत्तम वेळ, अजून मीठ लागलेलं नाही, आत ओल नाही. पहिल्या बर्फाच्या आत एकदा आतून बाहेरून मारून घ्या.

प्रश्न: हिवाळ्यात धुवायचं की नाही? धुतलं तर सगळं तेल जाईल, नाही धुतलं तर मीठ राहील. शिवाय रात्री गाडी मी उबदार गॅरेजमध्ये ठेवतो म्हणून जरा निश्चिंत असतो.

उत्तर: उबदार गॅरेजमुळे निश्चिंत होऊ नका, उलट तिथेच जास्त लक्ष द्या. बाहेर कडाक्याच्या थंडीत गाडीखालचा बर्फ गोठलेला असतो आणि गंजाची क्रिया अगदी मंद चालते. उबदार गॅरेजमध्ये तोच बर्फ वितळतो, खारं पाणी फटीत शिरतं आणि रात्रभर गंजाला हवं तसं तापमान मिळतं. गॅरेजच वापरायचं असेल तर आत नेण्याआधी चाकांच्या कमानीतले बर्फाचे गठ्ठे पाडा, जमलं तर खालून पाणी मारा आणि आत हवा खेळती ठेवा.

आणि हल्ली सगळीकडे साधंच मीठ नसतं. साधं मीठ उणे ९ अंशांच्या खाली फारसं काम करत नाही म्हणून जास्त थंडीत मॅग्नेशियम क्लोराइड किंवा कॅल्शियम क्लोराइड टाकतात, बऱ्याचदा बर्फ पडायच्या आधीच पाण्यात विरघळवून रस्त्यावर फवारतात. ही दोन्ही हवेतली आर्द्रता ओढून घेतात. साधं मीठ हवेत साधारण ७५ टक्के आर्द्रता असली की ओलं होतं, मॅग्नेशियम क्लोराइडला ३३ टक्केच पुरतात. म्हणजे रस्ता कोरडा, आकाश स्वच्छ, गाडी पण कोरडी दिसतेय तरी खाली चिकटलेला थर ओलाच असतो आणि काम करत असतो.

म्हणून धुवायचंच. तापमान शून्याच्या वर गेलं की साधारण आठ दहा दिवसांतून एकदा, आणि मोठ्या बर्फानंतर रस्ते साफ झाले की लगेच, खालून पाणी मारणाऱ्या वॉशमध्ये न्या. साबण नको, साधं पाणी पुरे, आणि प्रेशरचं नोझल हातात असेल तर फार जवळून मारू नका, तेवढ्याने लॅनोलिनचा थर बऱ्यापैकी टिकतो. धुतल्यावर थोडी चालवा, दोन चारदा ब्रेक दाबा म्हणजे ब्रेक सुकतात. जानेवारीत एकदा चाकांच्या मागचा भाग बघा, तिथला थर सगळ्यात आधी जातो, धातू कोरडा दिसला तर एक स्प्रे कॅन पुरतो. आणि बर्फ संपला, रस्त्यावरचं मीठ पावसाने वाहून गेलं की खालून एक सणसणीत धुणं द्या. हे बरेच जण विसरतात, आणि मग उरलेलं मीठ उन्हाळ्याच्या उकाड्यात खाली बसून आणखी जोरात काम करतं.

प्रश्न: स्टेपनी खाली उतरतच नाहीये, ती वर खाली करणाऱ्या केबलचा गिअर जाम झालाय. पंक्चर झालं तर काय करायचं?

उत्तर: पंक्चर व्हायची वाट बघू नका, आत्ताच सोडवा. गिअरच्या डब्यात आणि केबलवर गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी हाताने पुढे मागे हलवत जा, मशीनची पान्ह्याची बंदूक लावू नका, केबल तुटते आणि स्टेपनी अंगावर येते. सुटत नसेल तर ते वर उचलायचं यंत्र अख्खंच बदला. सुटल्यावर केबल पूर्ण बाहेर काढून लॅनोलिन चोळा, स्टेपनीच्या चाकाच्या मध्यभागी जिथे केबल टेकते तिथेही चोळा, आणि यापुढे दर हिवाळ्याआधी एकदा स्टेपनी पूर्ण खाली उतरवून परत चढवा. ती खाली उतरली की तिच्या वरची चासी पण उघडी पडते, त्याच वेळी तिथेही फवारा मारून घ्या.